मेद म्हणजे चरबी

माझ्या सासऱ्यांना मी त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांच्याच घरचा चहा पीत, गावातल्या पंधरा-वीस माणसांदेखत सांगितलं, "मामा, तुमच्या अंगात चरबी जास्त झालीय."

हे वाक्य बोलायला मी शिरूरहून निघालो नव्हतो. माझ्याजवळ दुसरं, चांगलं वाक्य होतं. एसटीत बसल्यापासून मी ते घोकत होतो. "मामा, आपल्या रक्तात मेदाचं प्रमाण किंचित वाढलेलं आहे." सौम्य, शुद्ध, क्रमिक पुस्तकात शोभेल असं. भीमा ओलांडेपर्यंत ते मला तोंडपाठ झालं होतं, आणि खुटबावच्या फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चालत जाताना 'किंचित'वर किती जोर द्यायचा हेही ठरलं होतं. ओट्यावर मी ते बिनचूक म्हटलं. तिथंच गप्प बसलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण मागून कुणीतरी विचारलं, "मेद म्हंजी काय वो मास्तर?"

आता मी पडलो मास्तर. शिरूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. कुणी कठीण शब्द विचारला की अर्थ सांगितल्यावाचून मला पुढचा धडा दिसत नसे. "मेद म्हणजे चरबी," मी म्हणालो. आणि अर्थ सांगितला की लगेच शब्दाचा वाक्यात उपयोग करून दाखवायचा, ही दुसरी सवय. तोही करून दाखवला.

आमच्या भागात चरबी दोनच ठिकाणी निघते. बोकडाची खाटकाच्या दुकानात आणि माणसाची भांडणात. तिसरी, रक्तातली, चरबी तोवर खुटबावात कुणी ऐकलेली नव्हती. त्यामुळं ओट्यावरच्या सगळ्यांनी आधी मामांकडं आणि मग बोळाकडं बघितलं. बोळाच्या पलीकडं, आपल्या घराच्या भिंतीला पाठ टेकून आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे मामांचे चुलतभाऊ. आठच दिवसांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून कॅनॉलच्या कडेला दोघांची जुंपली होती, आणि तिथं चार गडीमाणसांपुढं आप्पा मामांना म्हणाले होते, "लय चरबी आलीया तुला." तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आप्पांनी तंबाखूची चिमूट दाढेला धरली आणि कुणाकडंच न बघता ते म्हणाले, "आमी म्हनलं तवा भांडान झालं. आता पुण्याचा कागूद बी त्येच म्हंतोय."

मामा रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते आदबीनं बोलायला लागले. एरवी मला 'मास्तर' म्हणायचे. त्या संध्याकाळी म्हणाले, "जावईबापू, च्या झाला का? शेवटची येस्टी सातला हाय. उगं उशीर नगं."

चुलीवर माझ्यासाठी कोंबडी शिजत होती. तिचा वास फाट्यापर्यंत मला सोडायला आला. दुसरं कुणी आलं नाही.

*

हा कागद आला कुठून, ते सांगतो. साठ सालानंतरची ती चार-पाच वर्षं. कॅनॉलच्या पाण्यावर मामांचा ऊस उभा होता, स्वतःचं गुऱ्हाळ होतं, आणि दसऱ्याला त्यांच्या ओट्यावर वीज आली होती. त्या वस्तीवरची पहिली. मामांनी केडगावहून दोनशेचा बल्ब आणला. दुकानदारानं म्हणे विचारलं होतं की एवढा मोठा कशाला, घर केवढं आहे. मामा म्हणाले होते, "घर न्हानं हाय म्हनून दिवा बी न्हाना लावू का?"

तो बल्ब ओट्यावरच्या त्यांच्या बाजेच्या बरोबर वर लावला, आणि लावला तो लावलाच. बटण खालीवर केलं की बल्बची तार तुटते, असं वायरमननं त्यांना सांगितलं होतं. वायरमन बहुधा थट्टेनं बोलला असावा. मामांनी ते शास्त्र म्हणून स्वीकारलं. दिवस असो, रात्र असो, दोनशेचा बल्ब पेटलेला. रेल्वेनं जाणाऱ्यांनाही आपला दिवा दिसतो, असं ते सांगत, आणि पुण्याहून दौंडला गेलेला जो कुणी भेटेल त्याला विचारत, दिसला का. समोर आप्पांच्या घराची कोरी भिंत त्या उजेडात तंबूतल्या सिनेमाच्या पडद्यासारखी पांढरी दिसायची. तिच्यावर ओट्यावरच्या माणसांच्या सावल्या हलायच्या. बोलणं बंद झाल्यावरही आप्पा रोज संध्याकाळी त्या भिंतीपाशी येऊन बसत. भांडण मामांशी होतं, उजेडाशी नव्हतं.

दसऱ्यापासून मामांची झोप गेली. ते कबूल करत नसत. "झोप काय, म्हाताऱ्या मानसाला लागतीया किती," म्हणायचे. पण दिवाळीनंतर बाजाराला शिरूरला आले आणि आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर भोवळ येऊन बसले. लेकीनं पाणी दिलं, कांदा हुंगवला, आणि मला म्हणाली, "आबांना डॉक्टरांना दाखवा. मला त्यांच्या डोळ्यांवरचं ते आवडत नाही."

डोळ्यांवरचं म्हणजे पापण्यांवर नाकाच्या बाजूला उठलेले हरभऱ्याच्या डाळीएवढे पिवळे ठिपके. खुटबावात ते भाग्याचं लक्षण ठरलं होतं. ऊस चांगला, गूळ चांगला, वीज आली, त्यात आता पापणीला सोनं फुटलं, असं लोक म्हणत आणि मामा नाही म्हणत नसत.

आमचे डॉक्टर घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्याच, जुन्या ख्रिस्ती घरातले. रविवारी सकाळी दवाखाना बंद ठेवून देवळात पेटी वाजवायचे, आणि रोगी तपासतानाही टेबलावर बोटं चालायची. त्यांनी ते सोनं बघितलं, पेटी थांबवली आणि रक्त काढून पुण्याला पाठवलं. आठ दिवसांनी कागद आला, इंग्रजीत. डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉल फार आहे. मेणासारखा एक स्निग्ध पदार्थ असतो रक्तात, तो. रक्तवाहिन्यांत साचला तर एखाद्या दिवशी छातीत कळ येईल आणि मग आपण काही करू शकणार नाही. तूप कमी, मटण कमी, झोप पुरती, आणि दर महिन्याला मला दाखवायचं. नीट समजावून सांगा. तुम्ही इंग्रजीचे आहात."

या शेवटच्या वाक्यानं मी फुगलो. घरातल्या इंग्रजी-मराठी कोशात कोलेस्टेरॉल नव्हतं. 'फॅट' होतं. त्यापुढं तीन अर्थ होते आणि मी त्यातला सर्वांत सभ्य निवडला. दुसरा अर्थ मात्र त्याच ओळीत, स्वल्पविरामानंतर, दबा धरून बसला होता.

*

शिरूरला परत आल्यावर बायकोनं विचारलं, "जेवून आलात ना?"

"नाही."

ती चुलीपासून उठली. जावई सासुरवाडीहून उपाशी परत येतो म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. "काय बोललात?"

"मेद वाढलाय म्हणालो."

"आणि?"

"अर्थ सांगितला."

तिनं माझ्याकडून पूर्ण वाक्य म्हणून घेतलं. दोनदा. दुसऱ्यांदा तिनं डोळे मिटले. मग आप्पाकाका होते का तिथं, असं विचारलं, आणि होते म्हटल्यावर पिठाच्या परातीवर फडकं टाकलं. त्या रात्री भाकरी झाली नाही. मला एका दिवसात दोन घरांत जेवण मिळालं नाही. कोलेस्टेरॉल माझं नक्की उतरलं असणार.

मामांनी पथ्य धुडकावलं, हे पुढच्या बाजाराला कळलं. आता तूप कमी केलं तर लोक म्हणणार, जावयानं चरबी काढली. तेव्हा त्यांनी भाकरीवर तुपाची धार वाढवली, तीही ओट्यावर, चार लोकांसमोर. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणत, "त्यास्नी सांगा, आमची चरबी आमच्यापाशी." अपमानाला तूप हे औषध म्हणून घेणारा रोगी डॉक्टरांनाही नवा होता.

संक्रांत आली. दरवर्षी संक्रांतीच्या आधी मेहुणा गुळाची नवी ढेप आणि शेरभर तीळ घेऊन यायचा. ढेपेवर मामांनी अंगठ्यानं दाबलेला खळगा असायचा. गूळ पोरीचा, हे गाडीत ओळखू यावं म्हणून. त्या वर्षी ढेप आली नाही. भोगीच्या दिवशी बायको मला म्हणाली, "बाजारातून गूळ आणा." एवढंच. मी आणला. ऊसवाल्याची लेक विकतच्या गुळाचा तिळगूळ करते आहे, हे बघत मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मला बसावंसं वाटेना आणि बाहेर जायचंही धाडस होईना.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी मेहुणा आला. मोकळ्या हातानं. गुऱ्हाळावर काहील उतरवताना मामांना भोवळ आली होती. उकळत्या रसावर झुकले होते. मागून कुणीतरी धोतराचा सोगा धरून ओढलं म्हणून वाचले. "रातभर टक्क उघड्या डोळ्यांनी बाजंवर बसत्यात," मेहुणा म्हणाला. "आन् दवाखान्याचं म्हनलं की उठून जात्यात."

तो गेल्यावर बायको बराच वेळ तिळाचे दाणे वेचत बसली. मग म्हणाली, "रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो. आपण जाऊ. पण या वेळी तुम्ही काय बोलणार ते डॉक्टरांना विचारून या. कोशाला विचारू नका."

*

डॉक्टरांनी माझी हकिगत ऐकली. हसले नाहीत, पण बोटांनी टेबलावर एक चाल जोरात वाजवली.

"शब्दाच्या मागं लागू नका," ते म्हणाले. "आत काय चालतं ते सांगा. तेल पाण्यात मिसळतं का? नाही. मग ही चरबी रक्तातून जाते कशी? शरीर तिच्या बारीक बारीक पुरचुंड्या बांधतं आणि वाहून नेतं. काही पुरचुंड्या हलक्या, काही जड. हलक्या फार झाल्या की वाईट, असं दिसतंय. आणि तूप बंद केलं तरी थोडा माल यकृत स्वतःच तयार करतं, हेही सांगा, नाहीतर ते पुन्हा तुम्हाला खोटं पाडतील."

"आणि झोप?"

मग त्यांनी कपाटातून एक इंग्रजी नियतकालिक काढलं. ते त्यांच्याकडं बोटीनं, पुण्यानं आणि शिरूरच्या पोस्टानं मिळून सहा महिने शिळं होऊन येत असे. "मेंदूच्या मधोमध तुरीच्या दाण्यापेक्षा लहान गाठ असते. अंधार झाला की तिच्यातून एक रस झिरपतो. उजेड असला की आटतो. उंदरांमध्ये तसं दिसलंय. माणसात तसंच असेल, नसेलही."

"मग त्या रसाचा आणि पुरचुंड्यांचा संबंध काय?"

"मला ठाऊक नाही. लिहिणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. एवढंच बघतो की ज्याला झोप नाही त्याचं रक्तही बिघडतं आणि डोकंही. संबंध असावा. पण असावा असं म्हणा, आहे असं म्हणू नका." त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. "आणि तो दिवा बंद करायला लावा. तो तर मला इथून दिसतो."

परत येताना मी विचार केला. 'असावा' हा शब्द खुटबावात चालणार नाही. जावई आणि वायरमन यांच्यात जो ठामपणे बोलेल त्याचं मामा ऐकणार. उंदरांचं मी गाळायचं ठरवलं. आधी चरबी, मग उंदीर, हे एका हिवाळ्यात फार झालं असतं.

*

आम्ही दुपारी पोचलो. मामींनी लेकीला जवळ घेतलं, मला पाण्याचा तांब्या दिला. मामा ओट्यावर बाजेवर होते, डोक्यावर भर उन्हात बल्ब. त्यांचे डोळे लाल होते आणि चेहरा उतरला होता. मी पाया पडलो, तिळगूळ दिला. त्यांनी तो तोंडात टाकला, चावला आणि थांबले.

"गूळ कुठला?"

"बाजारातला," मी म्हणालो.

"वाळू हाय त्यात." त्यांनी तो तरीही गिळला. लेकीनं केलेला होता. मग बराच वेळ ते तिच्याकडं बघत राहिले, आणि ती मात्र "काकींना तिळगूळ देऊन येते" म्हणून बोळ ओलांडून आप्पांच्या दारी गेली. बोलणं बंद असलेल्या घरी. मला ते त्या वेळी बायकी चालरीत वाटलं. संक्रांतीचा सण, बायका जातात.

मी सुरुवात केली. चरबी हा शब्द टाळून चरबीबद्दल बोलायचं होतं. "मामा, आपल्या गुऱ्हाळावरनं केडगावला गुळाच्या गाड्या जातात ना?"

"जात्यात."

"तसं माणसाच्या पोटात एक गुऱ्हाळ असतं. यकृत म्हणतात." या वेळी अर्थ विचारायला कुणी नव्हतं, देवाची कृपा. "तिथनं माल निघतो आणि रक्तातनं गाड्या भरून अंगभर जातो. माल वाईट नसतो. अंगाला लागतोच. पण गाड्या फार झाल्या, आणि वाटेतच माल सांडायला लागल्या, तर रस्ता तुंबतो. तुमच्या रक्तात गाड्या फार झाल्यात, एवढंच तो कागद म्हणतो. तुमच्याबद्दल काही म्हणत नाही."

मामांनी मान माझ्याकडं वळवली. दीड महिन्यात पहिल्यांदा. "गाड्या रिकाम्या परत येत्यात का न्हाई?"

हे डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. "येतात," मी म्हणालो.

"मंग सांडलेला माल त्यात भरून आनता येतोय की."

"आणतात," मी म्हणालो. खोटं बोलायला लागलं की एकावर थांबता येत नाही. आता गंमत बघा. पुढं कितीतरी वर्षांनी, माझ्या स्वतःच्या रक्ताचा कागद हातात आला तेव्हा, मला वाचायला मिळालं की शरीरात खरंच दुसऱ्या तऱ्हेच्या गाड्या असतात आणि त्या सांडलेली चरबी गोळा करून यकृताकडं परत आणतात. त्यांना चांगल्या म्हणतात. डॉक्टरांनी जी जड पुरचुंडी म्हटली होती तीच ही. खुटबावच्या ओट्यावर एका गुळवाल्यानं ती केवळ वाहतुकीच्या अंदाजानं ओळखली होती, आणि एका मास्तरानं ती केवळ थाप म्हणून मान्य केली होती. विज्ञानाला दोघांचाही पत्ता नाही.

"मंग गाड्या वाट का चुकल्या?" मामांनी विचारलं.

"मुकादम नाही म्हणून."

हा मुकादम माझा. डॉक्टरांचा नाही. पण मी आता रंगात आलो होतो. "डोक्यात, अगदी मधोमध, एक गाठ असते. अंधार पडला की तिच्यातनं रस सुटतो. तो मुकादम. तो येतो तेव्हा झोप लागते आणि गाड्यांची शिस्त लागते. उजेड दिसला की तो येत नाही. तुम्ही दसऱ्यापासून त्याला दारातनं परत पाठवताय."

मामांनी वर बल्बकडं बघितलं. मला वाटलं, जिंकलं. आजही मासिकांतून वाचतो की झोपेच्या त्या रसाचं आणि या गाड्यांचं काहीतरी नातं आहे, तो गाडीतला माल खवट होऊ देत नाही असं काहीजण म्हणतात, आणि त्याच पानावर खाली लिहिलेलं असतं की अजून खात्रीनं सांगता येत नाही. म्हणजे डॉक्टरांचा 'असावा' अजून जागच्या जागी आहे. माझा मुकादम मात्र त्या दुपारी हजेरी लावून मोकळा झाला होता.

पण मामा म्हणाले, "पटतंय. पर दिवा बंद न्हाई व्हायचा."

"का?"

त्यांनी आवाज खाली आणला. "मास्तर, आज दिवा मालवला तर समोरचा उद्या गावभर सांगंल. उतरली चरबी म्हनंल. आन् दवाखान्यात गेलो तर म्हनंल, चरबी काढून घ्याया गेला. तुमी म्हनला तवा बी मी सोसलं आसतं. पर त्यानं त्याच्यावर शिक्का मारला." त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. पाणी उन्हानं आलं होतं की जागरणानं, मला कळलं नाही. "मला झोप पायजे. लय पायजे. पर आसं न्हाई."

आता माझ्याकडं गाडी नव्हती, मुकादम नव्हता. माणूस उकळत्या काहिलीत पडता पडता राहिला होता. पुढच्या खेपेला मागं कुणी असेलच असं नाही. त्याला वाचवायला एक बटण खाली करायचं होतं, आणि ते माझ्या एका शब्दानं घट्ट बसवून ठेवलं होतं. मी पायांच्या अंगठ्यांकडं बघत बसलो.

तेवढ्यात बोळातून आप्पा आले. मागं बायको, पदर खांद्यावर सारखा करत. आप्पा ओट्याच्या पायरीशी थांबले, वर चढले नाहीत.

"दादा," ते म्हणाले. दोन महिन्यांत पहिला शब्द. "मला तुज्याशी भांडायचं न्हाई. पर तुजा दिवा लय तरास देतोय. रातभर माज्या घरात उजेड येतो. दसऱ्यापास्नं डोळ्याला डोळा न्हाई. पाळीच्या टायमाला त्याच्यापायीच टाळकं फिरलं हुतं माजं. बोललो ते बोललो. बंद कर की त्यो रातचा."

मामांनी आप्पांच्या घराकडं बघितलं. त्या पांढऱ्या भिंतीकडं, वरपासून खालपर्यंत, अगदी सावकाश. मग आप्पांकडं बघितलं. आप्पा आपल्या चपलेकडं बघत होते.

"व्हय," मामा म्हणाले. "येत आसंल उजेड."

"लय येतो."

"तुला तरास हुत आसंल तर बंद करतो. माज्यासाठी न्हाई. माजं काय, मला उजेडात बी झोप लागती." ते उठले, बटणापाशी गेले. "तार तुटली तर नवा बलब तू आनायचा."

"आनतो."

खट्ट आवाज झाला. दुपार होती, त्यामुळं अंधार वगैरे काही झाला नाही. आप्पा मात्र पायरी चढून वर आले आणि बाजेच्या कडेला बसले. मामींनी आतून चहा पाठवला. मामांनी तिळगुळाचा वाडगा त्यांच्यापुढं सरकवला. "खा. वाळू हाय, पर लेकीनं केलाय."

रात्री आम्ही तिथंच राहिलो. मला कोंबडी मिळाली. मामा दिवेलागणीनंतर तासाभरात जे घोरायला लागले ते सकाळी बैल सोडायच्या वेळेला थांबले.

*

नंतरचं थोडक्यात. मामा दवाखान्यात यायला लागले. तूप कमी केलं, म्हणजे ओट्यावरचं बंद केलं आणि आतलं अर्धं केलं. आप्पांबरोबर पहाटे कॅनॉलपर्यंत चालायला लागले. उन्हाळ्यात पुन्हा रक्त पुण्याला गेलं आणि कागद आला. आकडा उतरला होता. कशानं, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "तूप, चालणं, झोप, की समेट, कुणास ठाऊक. पण उतरलाय."

मला ठाऊक होतं. माझ्या मुकादमानं. शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट तीनदा सांगितली. चौथ्यांदा ती शाळेच्या वार्षिकासाठी लिहायला घेतली, 'अंधाराचा रस आणि रक्तातील गाड्या' या नावानं. त्यात अज्ञ खेड्यात एका शिक्षकानं सोप्या दृष्टान्ताच्या बळावर विज्ञान कसं पोचवलं, हट्टी वृद्ध कसा निरुत्तर झाला आणि शेजाऱ्यानेही दिव्याचा दुष्परिणाम कसा आपणहून कबूल केला, हे सगळं शुद्ध भाषेत होतं. चरबी हा शब्द कुठंही नव्हता.

रविवारी दुपारी मी लेख बायकोला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. आमच्या दाराशी नवी ढेप होती, अंगठ्याचा खळगा असलेली. संक्रांतीची, उशिरा आलेली. तिनं मेथीतून मान वर न काढता शेवटपर्यंत ऐकलं.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"चांगलाय. त्या दिवशी तिळगूळ देताना मी काकांना म्हटलं, तुम्ही काहीतरी सांगा, दिव्याचंच सांगा. ते म्हणाले, काहिलीपासनं त्याला मीच ओढलाय, अजून एकदा ओढतो." तिनं काडी बाजूला टाकली. "तेवढी ती उजेडाची ओळ काढा. काकांच्या घराला आबांच्या बाजूनं खिडकीच नाही. ती भिंत वाटणीच्या साली आबांनीच बांधलीय."